वाढणारीच्या ताटातलं माळवं

सगळ्यात आधी पोथीचं सांगते, म्हणजे पुढचं माळव्याचं ध्यानात येईल. माळवं म्हणजे भाजीपाला, आमच्याकडं असंच म्हणतात.

मी शाळेत गेलेली बाई नाही. पुसेगावला माहेरी असताना भावांच्या पाटीवर बघून बघून अक्षरं गिरवली, आणि लग्न होऊन इकडं आखाडा बाळापूरच्या बाजूला आले ती तेवढ्याच भांडवलावर. बाकीचं वाचणं मला किराणा दुकानातल्या पुड्यांनी शिकवलं. शेंगदाणे डब्यात ओतले की कागद मांडीवर सरळ करायचा आणि चुलीपुढं बसून वाचायचा. कुठं अर्धी बातमी, कुठं फाटकी जाहिरात, कुठं कोणाच्या लेकीला स्थळ पाहिजे. पुढचं फाटून गेलेलं असायचं, ते मी मनानंच लावून घ्यायचे. कितीतरी मुलींची लग्नं मी अशी चुलीपुढं बसून जमवून टाकली असतील! मग लेकरांची पुस्तकं घरात आली, त्यांच्या मागून पोथ्या आल्या. आता कित्येक वर्षं झाली, श्रावणात दुपारी आमच्या ओसरीवर गल्लीतल्या बाया जमतात आणि मी पोथी वाचते. त्या महिन्यात मला गल्लीत वेगळाच मान असतो. खोटं कशाला बोलू, तो मला आवडतो.

तर मागच्या श्रावणात माझी अक्षरं पांगायला लागली. आधी वाटलं चष्म्याची काच मळली. पदरानं पुसली, तरी ओळीवर ओळ चढलेलीच. मग मी थोडं वाचायची, थोडं आठवणीतून म्हणायची. निम्मी पोथी तोंडपाठच होती, कोणाला कळत नव्हतं. पण माझी थोरली जाऊ शेजारच्याच घरात राहते, तिला एक अक्षर वाचता येत नाही आणि ऐकलेलं एक अक्षर ती विसरत नाही. एक दिवस ती मध्येच म्हणाली, "काहून गं पुसेगावचे, राजा अजून वनात गेलाच न्हाई, अन् परत कसा येऊन राहिला?"

बाया हसल्या. मीही हसले. दोन पानं माझ्या बोटाखालून चिकटून गेली होती आणि मला दिसलंच नव्हतं. पोथी मात्र मी तिथंच रुमालात बांधली. मला कशाची भीती वाटली सांगू? पूर्ण दिसायचं बंद होईल याची नाही. म्हातारपणी डोळे जातात, घरची माणसं हाताला धरतात. भीती वाटली ती ही, की पाटीवर अक्षर गिरवण्याआधी मी जी पोरगी होते तीच मी परत होईन. कोणी वाचून दाखवलं तर ऐकायचं, नाहीतर गप बसायचं.

दिवाळी झाल्यावर तालुक्याला डोळ्यांचं शिबिर भरलं. सून मला घेऊन गेली. तपासणारी डॉक्टरीण बाई माझ्या सुनेच्याच वयाची असेल. तिनं डोळ्यात बॅटरी मारली, रक्त घेतलं, काट्यावर उभं केलं. मग म्हणाली, "आजी, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे. डावा पिकलाय, तो काढायला पाहिजे. पण तुमची शुगर फार आहे. अशात डोळ्याला हात लावला तर जखम लवकर भरणार नाही. वजनही जास्त आहे."

"मग कधी करता?"

"तीन महिन्यांनी परत शिबिर आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत. भाकरी-भात कमी करा, भाज्या आणि फळं वाढवा. शुगर खाली आली की लगेच करू."

मला रागच आला. भाज्या वाढवा म्हणे! आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात मेथी, पालक, वांगी, दोडकी, काय नाही? बाळापूरच्या बाजारात आमच्या पाट्या भरून माळवं जातं. रोज सकाळ-संध्याकाळ मी माझ्या हातानं भगुलंभर भाजी शिजवते. मला भाजी खा म्हणून सांगणं म्हणजे कोष्ट्याला कापड नेस म्हणून सांगण्यासारखं झालं. तेवढं बोलणं मी कानाआड केलं आणि 'वजन' एवढंच धरून घरी आले.

आता वजन उतरवायचं म्हणजे आमच्या बायकांना एकच गोष्ट ठाऊक. उपास.

सोमवार आणि एकादशी माझी होतीच. त्यात गुरुवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी धरली. सून म्हणाली, "आत्याबाई, एवढे उपास? गोळ्या खाता तुमी." मी म्हटलं, "देवाचंबी होईल अन् डॉक्टरचंबी होईल." सकाळी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट चांगलं सढळ हातानं. दुपारी उकडलेलं रताळं, चार बटाटे. संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी. मध्ये मध्ये चहा, कारण उपासात दुसरं काय खायचं? डॉक्टरीण बाईनं फळं खा म्हटलं होतं, म्हणून दोन-तीन केळी, तीही चांगली पिकलेली. एवढा त्रास सोसून मी महिना काढला. मनात म्हणत होते, आता काटा बघतोच मला.

महिन्यानं नुसती तपासणी करायला गेलो. डॉक्टरीण बाईनं कागद बघितला, परत बघितला.

"आजी, शुगर वाढलीय. वजनही दीड किलोनं वाढलंय. काय खाल्लं?"

"काईच न्हाई बाई," मी म्हटलं, "आठवड्यातून चार-चार उपास केले."

"उपासाला काय खाल्लं?"

मी सांगत गेले. ती लिहीत होती. रताळ्यापर्यंत लिहिलं, मग तिनं पेन खाली ठेवला.

"आजी, एवढं तर मी सणालासुद्धा खात नाही." मग जरा गंभीर झाली. "आणि शुगरच्या गोळ्या खाऊन असे उपास करणं धोक्याचं असतं, कधी चक्कर येऊन पडाल. रोज वेळेवर जेवायचं. ताटाचा अर्धा भाग भाजीचा असू द्या. तुम्ही रोज किती भाजी खाता?"

"घरचं माळवं हाय आमचं. रोज दोन टाइम करते."

"करता ते कळलं. खाता किती?"

"म्हणजे काय, खातेच की!" मी म्हटलं. सून बाजूला उभी होती. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

माझ्या सुनेचं थोडं सांगायला पाहिजे. तिचं माहेर कनेरगाव नाक्याचं. वाशीमच्या रस्त्याला तिच्या बापाचा ढाबा आहे, लहानपणी ती गल्ल्यामागच्या बाकड्यावर बसून अभ्यास करायची. गिऱ्हाइकाच्या ताटात काय संपलं, काय पाहिजे, हे तिला लांबूनच समजतं. लग्न होऊन आली तेव्हा मला त्याचा तापच झाला होता. मी म्हणायचे, ही पोरगी पाहुण्यांच्या ताटाकडं काय बघत बसते? तर त्या दिवशी परतताना ऑटोत ती बाळापूर येईपर्यंत रस्त्याकडंच बघत बसली. मला वाटलं, माझ्यावर रागावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वांग्याची भाजी केली. आमचे मालक आणि लेक जेवायला बसले, मी वाढलं. आमच्याकडं वाढणारी बाई मागून जेवते, त्यात सांगण्यासारखं काही नाही, माझी सासू तशीच जेवली, तिची सासूही तशीच जेवली असणार. पुरुष उठून शेतावर गेले. मग मी भगुलं ओढलं, टोपल्यातून भाकर घेतली, आणि बसले. तेवढ्यात सून येऊन समोर उकिडवी बसली. भगुलं माझ्यापुढून घेतलं, तिरपं केलं.

"आत्याबाई, यातलं माळवं दाखवा मला."

"म्हणजे?"

"दाखवा ना. डॉक्टरीण बाईला सांगितलं रोज खाते म्हणून. कुठं हाय?"

भगुल्यात तर्री होती. लालभडक, वर तेल आलेलं. तळाला वांग्याची दोन देठं आणि एक फोड.

"ही काय," मी फोड दाखवली.

"ही तुमी माझ्या ताटात टाकणार. रोज टाकता. मला आल्यापासून दिसून राहिलं." ती भगुलं पळीनं ढवळायला लागली, जणू आत कोणी लपून बसलं असावं. "सगळं माळवं तिकडच्या दोन ताटांत गेलं. तुमी तर्रीत भाकर चुरून खाता. एक, दोन, अन् मग टोपल्यात उरलेली तिसरी, वाया जाऊ न्हाई म्हणून. वरून सकाळचा भात. ह्याला भाजी खाणं म्हणतात का?"

"मला तर्रीच आवडते," मी म्हटलं.

हे मी इतकी वर्षं म्हणत आले होते की मला ते खरंच वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आवडते का? का आधी उरली तर्री आणि मग आवडली? मला आठवेना. आयुष्यभर मी माळवं लावलं, निंदलं, तोडलं, निवडलं, चिरलं, शिजवलं, वाढलं. एवढ्या कामांत एक खायचं तेवढं राहून गेलं होतं, आणि हे मला माहेराहून ढाब्याची नजर घेऊन आलेल्या पोरीनं दाखवावं! मी तिच्यावर चिडले. मग तिच्यासमोरच मला हसू आलं.

त्या दिवसापासून तिनं नियम घातला. भाजी झाली की आधी एका मोठ्या स्टीलच्या वाटीत माझी काढायची, झाकण घालून फडताळात ठेवायची, मग पुरुषांना हाक मारायची. त्यांच्या आधी जेवायला बसा म्हणाली असती तर मला घास गिळला नसता, ते तिलाही माहीत होतं. वाटी मात्र फडताळात. भाकर एक. भात नाही, आणि चहात साखर नाही, ते पहिले आठ दिवस मला जीवघेणं वाटलं. जेवणाआधी कच्चं खायचं: गाजर, मुळा, काकडी. हरभऱ्याचा कोवळा पाला हाती आला की त्याचा घोळाणा. पाला बारीक चिरायचा, त्यात कांदा, मीठ, हिरवी मिरची, थोडं दाण्याचं कूट. मेथीचाही असाच. हा आमच्याच भागाचा पदार्थ, लहानपणी पुसेगावच्या शेतात बसून मी ओंजळीनं खाल्लेला. मधली इतकी वर्षं तो केला, पण तोंडी लावण्यापुरता, चिमूटभर. आता वाटीभर खायला लागले तेव्हा दाताला ती कचकच लागली आणि मला माझी आई डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून चाललेली दिसली.

आमच्या मालकांना ह्या सगळ्याची गंमत वाटायची. संध्याकाळी शेतातून आले की सायकलला दोन पेंढ्या. एक कडब्याची, एक हरभऱ्याच्या पाल्याची.

"घे," ते सुनेला म्हणायचे, "ही म्हशीची, अन् ही तुझ्या सासूची. अदलाबदल करू नको, म्हैस रुसंल."

मी आतून म्हणायचे, "म्हशीला इचारा, तिला मोतीबिंदू झाला का!"

बोलायचे असं, पण पाला रोज आणायचे, कोवळा बघून शेंडे खुडलेले. एक दिवस सकाळीच पाला खुडायला गेले, धुकं होतं तर उन्हं येईपर्यंत थांबले, ओला पाला लवकर सडतो म्हणून. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी काय आणलं याची यादी करायला बसले तर ती लांब होणार नाही. पण हा पाला त्यात वर लिहीन.

फळांची मात्र वेगळीच तऱ्हा झाली.

लेकानं एकदा बाळापूरच्या बाजारातून एक पपई आणि किलोभर पेरू आणले. पिशवी सायकलच्या हँडलला, पिशवीतून पपई दिसत होती. आता आमच्या गावात घरात फळं कधी येतात? एक तर उपासाला केळी, नाहीतर कोणी दवाखान्यात असलं तर. धडधाकट माणूस बाजारातून पपई विकत आणून खातो, असं कोणी बघितलेलं नाही. बोरं, सीताफळं, जांभळं खातात, पण ती रानातली, वाटेनं तोडून खाल्लेली. तराजूतून आलेलं फळ म्हणजे आजाऱ्याचं.

लेक घरात शिरून पाणी प्यायला नाही तोच जाऊबाई दारात. तोंड एवढंसं झालेलं.

"काय झालं गं? भावजी बरे हायेत का?"

"बरे हायेत. काहून?"

"मग कोणाला अॅडमिट केलं?"

मी सांगेपर्यंत आणखी तिघी आल्या. एकीच्या हातात केळ्याची फणी, दुसरीच्या हातात ग्लुकोज बिस्किटाचा पुडा. तिसरी तर पदर तोंडाला लावूनच आली होती. मला उभी बघून तिची पंचाईत झाली, आता रडायचं का नाही रडायचं! मी म्हटलं, "अगं, कोणी मेलं न्हाई, कोणी पडलं न्हाई. डॉक्टरनं सांगितलं म्हणून पेरू खाऊन राहिले."

"तुझ्यासाठी?" जाऊबाई म्हणाली. "चांगली चालती-बोलती तू, अन् तुझ्यासाठी पपई?" मग सुनेकडं वळली. "व्हय गं, आधी सासूला पाला चारला, शेळी केली तिची. आता भाकर बी काढून घेतली का?"

सून चहा ठेवत होती. ती म्हणाली, "मोठ्या आत्याबाई, तुमच्या शेळीचे डोळे कसे हायेत?"

"शेळीच्या डोळ्याला काय धाड भरली?"

"मग झालं तर."

सगळ्या हसल्या. जाऊबाई मात्र हसली नाही. पपईची फोड पुढं केली तर, "मी काय आजारी हाय का?" म्हणून उठून गेली. केळी आणि बिस्किटाचा पुडा आमच्याकडंच राहिला. सुनेनं ते दोन्ही लगेच उचलून आतल्या कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला लावली. माझ्यावर तेवढा भरवसा नव्हता तिचा. बरोबरच होतं.

मी काही फार शहाण्यासारखी वागले असं नाही. पुतणीच्या लेकीच्या लग्नात बुंदीचे दोन लाडू खाल्ले, आणि घरी येऊन आपणच कबूल केलं. सून म्हणाली, "मला माहीत हाय. मी दुसऱ्या पंगतीत समोरच होते." संध्याकाळी चार वाजले की पोटात खड्डा पडायचा. मग एक पेरू, मीठ-तिखट लावून, सालीसकट. दात आहेत अजून, देवाची कृपा. पहिला महिना मला वाटायचं मी उपाशीच मरणार. दुसऱ्या महिन्यात एकदा संध्याकाळची दुसरी भाकर पुढं ठेवली तर ती नको वाटली. मी दचकले. भाकर नको, असं माझ्या पोटानं कधी म्हटलं नव्हतं.

कोणी म्हणेल पाल्यानं चमत्कार केला. नाही हो. गोळ्या होत्या, वेळेवर होत्या. सकाळी विहिरीपर्यंत चालत जाऊन येत होते. पण पोलक्याची बटणं ओढून लावावी लागत ती सहज लागायला लागली, आणि खाली बसलेली मी भिंतीला न धरता उठले, हे ताट बदलल्यावरच झालं. एवढं मी सांगू शकते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी शिबिर आलं. हळद काढायला सुरुवात झाली होती, लेकाला वेळ नव्हता, म्हणून परत आम्ही दोघीच गेलो. काट्यावर चढताना मी सुनेचा हात धरला. डॉक्टरीण बाईनं काटा बघितला, रक्ताचा कागद बघितला, आणि म्हणाली, "आजी, हे कोणाचे कागद आहेत? तुमचेच ना?"

"माझेच. अन् हिचे," मी सुनेकडं बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी डावा डोळा झाला. मला काही कळलं नाही, नुसता उजेड हलत होता आणि कोणीतरी माझ्या कपाळावर हात ठेवून होतं. पट्टी काढली तेव्हा पहिलं काय दिसलं सांगू? डॉक्टरीण बाईचा कोट पांढरा आहे. मी इतके दिवस तो पिवळट समजत होते आणि मनात म्हणत होते, एवढी शिकलेली मुलगी, कपडे धूत नाही का! मनातल्या मनात तिची माफी मागितली. दोन्ही हात जोडले, तर ती म्हणाली, "अहो आजी, हात खाली, डोळ्याला लागेल."

घरी आल्यावर बंधनं फार. वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, धूर नको, वजन उचलायचं नाही. सून दिवसातून कितीतरी वेळा डोळ्यात थेंब टाकायची. मला स्वयंपाकघराच्या दारात बाजेवर बसवलं होतं, काळा चष्मा लावून. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरात जेवणं चालली होती आणि माझ्या हातात पळी नव्हती. मी नुसती बघत होते. आणि आता मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मेथीची भाजी केली, दोडक्याचं कोरड्यास, म्हणजे तर्रीचं कालवण, केलं. माझं ताट आधी भरून बाजेवर दिलं. अर्ध्यापेक्षा जास्त माळवं, एक भाकर, गाजराच्या फोडी. मग पुरुषांना वाढलं. ते जेवून उठले. मग ती बसली. माझ्याकडं तिची पाठ होती, पण बाजेवरून खालचं ताट स्पष्ट दिसत होतं. तिनं भगुलं ओढलं, तिरपं केलं, तर्री भाकरीवर ओतली. मग भाकरीच्या तुकड्यानं भगुल्याच्या आतून, कडेकडेनं पुसून घेतलं. एक मिरची घेतली. आणि खायला लागली.

ते पुसून घेणं मी ओळखलं. तसंच्या तसं माझंच होतं. भगुलं फिरवायची तीच पद्धत.

मी काळा चष्मा काढला.

"माळवं दाखव मला," मी म्हटलं.

ती दचकून वळली. "आत्याबाई, चष्मा लावा आधी."

"तुझ्या ताटातलं माळवं दाखव."

ती हसली. "संपलं आज. अन् मला तर्रीच आवडते."

डोळ्याला पाणी लागायला नको म्हणून डॉक्टरीण बाईनं बजावलं होतं, म्हणून मी वर आढ्याकडं बघत बसले. दोन महिने ही पोरगी माझी वाटी झाकून ठेवत होती. भाजी तेवढीच शिजत होती, खाणारी ताटं वाढली होती. वाटी कोणाच्या वाट्याची होती, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मी शेजारीच बसून जेवत होते, तिचं ताट माझ्या ताटाला लागून. दिसत नव्हतं हे खरं. पण नुसतं मोतीबिंदूमुळं दिसत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सोडा ना आत्याबाई. तुमचा डोळा झाला ना? बस."

मी माझ्या ताटातली मेथी उचलून तिच्या ताटात टाकली. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "आज एवढी खा. उद्याचं उद्या बघते."

उद्याचं असं केलं. चुलीजवळ जाता येत नव्हतं, तर बाजेवरूनच हुकूम सोडला: आधी चारी ताटं एका ओळीत मांडायची. माळवं चार जागी वाटायचं, भगुलं पुरतं रिकामं करायचं, तर्री-बिर्री सगळी वाटून. आणि मग पुरुषांना हाक मारायची. मागून जेवायचं तर जेवा, पण ताट मागून भरायचं नाही. चिरताना एक जुडी जास्त घ्यायची, बाजारात एक जुडी कमी गेली तर बाजार बंद पडत नाही.

आमचे मालक पाटावर बसले आणि वाटीत बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच," मी बाजेवरून म्हटलं. "जास्त लागत असंल तर विहिरीजवळ लई हाय. तोडून आणा."

लेक खाली मान घालून हसला. मालकांनी माझ्याकडं बघितलं, सुनेच्या झाकलेल्या ताटाकडं बघितलं. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. वाटीत होतं तेवढ्यातच जेवले. संध्याकाळी सायकलला पाल्याच्या पेंढ्या दोन होत्या, म्हशीची सोडून.

आता हे लिहून राहिले ते डाव्या डोळ्यानं. उजवा पुढच्या शिबिरात. अक्षर सरळ येतंय, रेघ सोडून जात नाही. मला वाटतं, देवानं मला जे दिलं ते बहुतेक असंच दुसऱ्याच्या हातून दिलं. भावांच्या पाटीवरून, दुकानाच्या पुडीवरून, सुनेच्या वाटीतून. मी फक्त घेत गेले. आता घेताना ज्याच्या हातून येतंय त्याच्या ताटाकडं एकदा बघते, एवढा फरक.

परवा दुपारी जाऊबाई आली. श्रावणाला अजून खूप अवकाश आहे, पण ती पाय पसरून ओसरीवर बसली आणि म्हणाली, "डोळा झाला म्हणतेस ना? मग ती राहिलेली दोन पानं वाच. राजाचं काय झालं ते श्रावणापासून माझ्या मनात अडकून राहिलं."

मी रुमाल सोडला. ती दोन पानं शोधून वेगळी केली आणि वाचायला लागले. राजा राज्य सोडून वनात जातो, झोपडी बांधतो, आणि कंदमुळं, पाला, फळं खाऊन दिवस काढतो. तिथं आल्यावर जाऊबाईनं हात वर करून मला थांबवलं.

"म्हणजे राजाबी तेच खाऊन राहिला व्हय?"

"तेच."

सुनेनं आतून पपईच्या फोडी आणून मध्ये ठेवल्या होत्या. जाऊबाईनं ताटलीकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, कोणी येतंय का म्हणून.

"घरात कोणी आजारी न्हाई ना?" तिनं विचारलं.

"कोणी न्हाई."

"मग दे एक," ती म्हणाली. "अन् पुढं वाच."